मंगळ, जसा आहे तसा

मंगळ परत येतोय. दरवर्षी नेमाने यायला तो काही कांद्याची लागण नाही. दोन वर्षं आणि वर दोनेक महिने घेतो, आणि मग एखाद्या थंडीत पूर्वेला, साखर कारखान्याच्या चिमणीच्या डाव्या अंगाला येऊन बसतो. परवा स्टुडिओचं शटर ओढून कुलूप लावलं, सहज मान वर केली, तर हा होता. तांबूस, स्थिर, कुणाला न भिणारा. रस्त्यावरून उसाने भरलेल्या ट्रॉल्या चाललेल्या, खाली कांड्या पडलेल्या, हवेत मळीचा आंबट-गोड वास, आणि वरती हा. मी तिथेच कडेला उभी राहून त्याला म्हटलं, या, तुमचीच वाट बघत होते. पलीकडच्या चहावाल्याने माझ्याकडे पाहिलं. पाहू दे. आमच्या काष्टी गावात माझ्याबद्दल जे बोलायचं ते मंगळाच्या गेल्या खेपेलाच बोलून झालंय.

मंगळाची ती गेली खेप म्हणजे माझ्या आयुष्यातला एक हिवाळा. त्या हिवाळ्याबद्दल मला कुणी विचारलं तर मी अजूनही आवाज चढवून बोलते, असं आई म्हणते. बरोबर म्हणते.

थंडीत आमच्याकडे ऊस तुटतो, ज्वारी पोटऱ्यात येते, आणि तुळशीचं लग्न लागलं की मुली बघायला सुरुवात होते. हा तिसरा हंगाम माझ्या दुकानातून जातो. फोटो स्टुडिओ दादांचा, म्हणजे वडिलांचा. ते गेल्यावर मी चालवायला घेतला. पंचक्रोशीतल्या मुलींचे स्थळासाठी पाठवायचे फोटो आमच्याकडेच निघतात. मुलगी पदर सावरत स्टुलावर बसते आणि तिची आई माझ्या कानाशी येऊन सांगते, जरा उजळ करा, हनुवटीवरचा तीळ काढा, चष्मा काढलाय पण नाकावरचा वळ तेवढा घालवा. मी घालवत होते. पोटाचा धंदा आहे. पण जाताना मुलगी स्वतःचा तयार फोटो हातात घेऊन अनोळखी बाईकडे पाहावं तशी पाहायची, तेव्हा मला दरवेळी राग यायचा. नेमका कुणाचा, ते बरीच वर्षं ठरत नव्हतं.

माझ्याही चेहऱ्यात काढून टाकण्यासारखं पुष्कळ आहे, पण खरी अडचण चेहऱ्यात नव्हती. मला मंगळ आहे. पत्रिकेच्या ठराविक घरांत मंगळ बसला की ती मुलगी नवऱ्याच्या जिवाला जड, असं आपल्याकडे धरून चालतात. पुढे संसारात जे काही वाईट होईल ते सगळं आधीच तिच्या नावावर. मुलाला मंगळ असला तर लोक सोयीने विसरतात, मुलीचा मात्र पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतात. माझा आठव्या घरात आहे, म्हणजे कडक. हे आई, मामा आणि मी, एवढ्यांनाच माहीत होतं. बाहेर द्यायचं उत्तर मामाने ठरवून दिलं होतं: हिचा जन्म घरीच झाला, घड्याळाकडे कुणी बघितलंच नाही, म्हणून पत्रिका नाही. खरं तर मी दवाखान्यात जन्मले, आणि दादांनी नर्सच्या आधी घड्याळ बघितलं होतं. ही गोष्ट आई मला तेल लावताना कौतुकाने सांगायची. पाहुणे आले की मी पुन्हा घरी जन्मलेली.

दुर्बीण मी हौसेने मागवली. शिकाऊ माणसाची असते तसली, साडेचार इंची आरशाची. लांबलचक खोकं घेऊन आलेल्या कुरिअरवाल्याला वाटलं फवारणीचा पंप आहे. शेजारच्या शांताकाकूंना वाटलं, लग्नात रंगीत कागद उडवायची तोफ. आईने एकच विचारलं, याने नवरा-नवरीचे फोटो निघतात का? निघत नाहीत म्हटल्यावर तिचा रस संपला. मला ती शेतावर न्यायची होती, पण उसात बिबट्या फिरत होता, म्हणून घराच्या गच्चीवर मांडली. सूचनांचं पत्रक इंग्रजीत आणि चिनीत होतं. स्क्रू उरले ते डब्यात टाकले.

आणि मी पकडलेला पहिला मंगळ कारखान्याच्या चिमणीवरचा तांबडा दिवा निघाला. हसा. मीही हसले, पण दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी मात्र मी भारावून गेले होते. इतर तारे बघता बघता नळीतून सरकून जायचे, पुन्हा पुन्हा दुर्बीण फिरवावी लागायची. हा एकटा जागचा हलेना. मला वाटलं, कडकच आहे, पत्रिकेत म्हटलंय तसा. भरपूर फोटो काढले, खाली येऊन कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला, तर मंगळावर लोखंडी शिडी. आमच्या भागात आयुष्यभर राहून, हा दिवा लहानपणापासून बघून, माझ्यावर ही वेळ आली. माणूस एखाद्या गोष्टीला इतकी वर्षं घाबरलेला असला की कुठलाही तांबडा ठिपका त्याला तीच गोष्ट वाटतो.

मग मी नीट शिकायला बसले. फोटोग्राफी मला येत होती. आकाश येत नव्हतं. मोबाईल दुर्बिणीच्या डोळ्याला चिमट्याने बसवायचा. ग्रह लहान पण फार तेजस्वी असतो, साध्या फोटोत तो नुसता पांढरा डाग येतो. हॅलोजनच्या उजेडात नवरीच्या शालूची जर जळू नये म्हणून आम्ही प्रकाश उतरवतो, तसाच इथे उतरवायचा. एक फोटो काढून भागत नाही. छोटा व्हिडिओ घ्यायचा, त्यातल्या हवा स्थिर असतानाच्या चौकटी निवडायच्या आणि एकावर एक बसवायच्या, मग कुठे ग्रहाचं तोंड दिसतं. त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते मी लग्नाचे अल्बम करायच्या कॉम्प्युटरवर घातलं.

हवा मात्र फुकट मिळत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी ऊब सोडत राहतो, आणि त्या उबेत गुरू पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा हलतो. उन्हाळ्यात झोपायच्या आधी गच्चीवर पाणी मारतात, तसं मी भर थंडीत मारायला लागले. शांताकाकूंनी आईला विचारलं, पोरीचं बरं हाय ना? शिवाय चिमणीची काजळी. हंगाम सुरू झाला की वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर, सगळीकडे काळे कण पडतात. आरसा वाचवायला मी दादांचं स्टुडिओतलं जुनं काळं कापड नळीवर बांधायचे. रस्त्यावरून भरलेला ट्रॅक्टर गेला की गच्ची थरथरायची आणि ग्रह चौकटीतून उडी मारून जायचा. मी थांबायचे. पुन्हा पकडायचे. माझ्यात इतकी चिकाटी आहे हे मला तिशी गाठेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात आकाशात सगळेच हजर होते. दिवेलागणीला पश्चिमेकडे शुक्र, त्याच्या आसपास शनी, डोक्यावर गुरू, पूर्वेकडून मंगळ. लग्नाआधीच्या बस्त्याला दोन्हीकडची मंडळी जमावी तसे. ज्यांच्या नावाने आपल्याकडे माणसं शनिवारी तेल वाहतात, गुरुवारी उपास धरतात, बोटात खडे घालतात, ते सगळे माझ्या गच्चीवरून एका रांगेत दिसत होते. शनीचं कडं त्या वर्षी सुईसारखं बारीक झालेलं. गुरूच्या अंगावर पट्टे आणि बाजूला चार चंद्र. मी एकेकाकडे बघत होते आणि एकाचाही माझ्यावर डोळा असल्याचं दिसत नव्हतं.

त्याच दिवसांत मामाने केडगावचं स्थळ आणलं. मुलाचं नाव मयूर म्हणू. सुप्याच्या एका कंपनीत कामाला. आई लहानपणीच गेलेली, आत्याने वाढवलेला. आत्या विधवा, तिला दुसरं कुणी नाही. तिचा सगळा जीव त्याच्यात. बघायला आले तेव्हा पोहे झाले, नाव-शिक्षण झालं, आणि मयूरने कोपऱ्यात काळ्या कापडाखाली उभी असलेली वस्तू काय आहे ते विचारलं. मामा घाईने म्हणाला, फोटोचं काहीतरी सामान आहे. मी म्हटलं, दुर्बीण आहे, बघायचीय का? सगळ्यांच्या परवानगीने आम्ही गच्चीवर गेलो. त्याने गुरू आणि त्याचे चार चंद्र पाहिले, बराच वेळ वाकून राहिला आणि म्हणाला, हे रोज इथं असतात आणि आपण खाली बघून चालतो. मला तो आवडला. सरळच सांगते, मला तो फार आवडला. नंतर केडगावहून रोज त्याचा मेसेज यायचा, आज ढग आहेत का? मी कामं टाकून आकाश बघून उत्तर द्यायचे. संक्रांतीनंतर साखरपुड्याची तारीख काढायची, असं ठरत आलं होतं.

मंगळ मला नीट मिळाला तो संक्रांतीच्या आसपास. त्या संध्याकाळी वारा पडला होता. कारखान्यात काही बिघाड झाल्यामुळे चिमणी बंद होती. पुनर्वसूच्या जोडताऱ्यांजवळ हा उभा. मी व्हिडिओ घेतला, खाली आले, चौकटी निवडल्या, एकावर एक रचल्या. पडद्यावर हळूहळू एक लहानसा गोळा उमटला. केशरी-तांबूस. मधोमध काळसर धब्बा, आणि एका टोकाला पांढरा ठिपका, तिथलं बर्फ. सवयीने माझा हात उजळ करायच्या बटणाकडे गेला. तो मी मागे घेतला. म्हटलं, तांबडा आहे तर तांबडा, डाग आहे तर डाग. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचा तरी फोटो जसा आहे तसा ठेवला.

आणि मी रडले. करंगळीच्या नखाएवढा तो. हा मला आयुष्यभर पुरून उरला होता. याच्यापायी माझी जन्मवेळ चोरली, पाहुण्यांसमोर आईला खोटं बोलायला लावलं, दादांनी बघितलेलं घड्याळ खोटं पाडलं. आणि हा तिकडे आपल्या वाटेने फिरत होता, डोक्यावर बर्फाची टोपी घालून. मला त्याचा राग आला नाही. इतकी वर्षं कुणाचा राग येतोय ते मला त्या दिवशी कळलं.

तो फोटो मी मोबाईलच्या स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं: हा माझ्या पत्रिकेतला मंगळ, आठव्या घरातला, फोटो मीच काढलाय. चुकून नाही लिहिलं. भावकी, पाहुणे, गिऱ्हाइकं आणि केडगावचे दोन नंबर, सगळ्यांना दिसणार हे मला पक्कं माहीत होतं. ज्या घरात मला जन्मभर राहायचं तिथे मी जन्मवेळ चोरून जाणार नव्हते.

सकाळचा चहा व्हायच्या आत मामाचा फोन. स्टेटस काढ आधी. मी म्हटलं, मामा, ते उद्या आपोआप जाईल, मंगळ जाणार नाही. मामाने फोन आईकडे द्यायला सांगितला. आई नुसतं हूं हूं करत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. दुपारपर्यंत तीन गावांतल्या मावश्यांनी तिला विचारून झालं, अगं, खरं हाय का? तिने आयुष्यभर मुठीत धरलेली गोष्ट मी चव्हाट्यावर मांडली होती. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. भाकरी मात्र गरम वाढत होती.

केडगावकरांनी लग्न मोडलं नाही. मोडलं असतं तर एका दिवसात विषय संपला असता. आत्याने मामाकडून निरोप धाडला की आम्हाला मुलगी पसंत आहे, फक्त आधी कुंभविवाह करून घ्या. ज्यांच्या घरात ही वेळ आली नसेल त्यांना सांगते: मुलीचं लग्न आधी एका मडक्याशी लावतात. हळद, बाशिंग, मंत्र, सगळं साग्रसंगीत. मग ते मडकं फोडतात किंवा पाण्यात सोडतात. म्हणजे पहिला नवरा मेला, मंगळाची भूक भागली, आता दुसरा सुरक्षित. मामा म्हणाला, त्याच्या शेतातल्या वस्तीवर पहाटे उरकून टाकू, गावात कुणाला कळणार नाही, अर्ध्या तासाचं काम. मी विचार करत राहिले. अर्ध्या तासासाठी मी एका मडक्याची विधवा व्हायचं, आणि उरलेल्या आयुष्यात घरात कुणालाही ताप आला की सगळ्यांनी माझ्याकडे बघत म्हणायचं, विधी नीट झाला होता ना? मडकं फुटलं तरी मंगळ काही फुटत नाही. तो मान्य करायचा हीच तर त्यातली अट असते.

माझं लग्न पणाला लागलं होतं हे मला कळत होतं. पण त्याहून मोठं एक होतं. आई कुणाच्या बाजूने उभी राहणार? ती म्हणाली असती, कर बाई माझ्यासाठी, तर मी काय केलं असतं हे मला आजही सांगता येत नाही.

त्या रात्री जेवताना मी तिला विचारलं, "आई, तुझे आणि दादांचे किती गुण जुळले होते?"

ती सवयीने, थोड्या अभिमानाने म्हणाली, "तेहेतीस." आणि मग तिचा घास हातातच राहिला.

दादा गेले ते एका लग्नात. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, कॅमेरा गळ्यात, आणि ते सतरंजीवर बसले ते उठले नाहीत. छत्तिसातले तेहेतीस गुण जुळले होते, पत्रिकेत कुठे डाग नव्हता, तालुक्यातल्या नामांकित माणसाने जुळवली होती. आई तेव्हा चाळिशीतही नव्हती. कुणी म्हणेल, असं विचारून मी तिच्या जखमेवर मीठ चोळलं. मला नाही वाटत. ती जखम तिला कधी कुणी नावानिशी विचारलीच नव्हती.

दोन दिवसांनी मामा, आत्या आणि मयूर असे तिघे दिवेलागणीला आले. चहा झाला. मामाने विषय काढायच्या आधी मीच काढला. म्हटलं, "मयूरशी लग्न करायला मी तयार आहे. मडक्याशी करणार नाही."

मामा चिडला. शिकून-सवरून ही भाषा, बाप असता तर, वगैरे जे म्हणायचं ते सगळं म्हणाला. आत्या चिडली नाही. ती माझ्याजवळ सरकली आणि म्हणाली, "पोरी, माझा एकच हाय. विधी केला न्हाई तर मला रातभर डोळ्याला डोळा लागायचा न्हाई. माझ्यासाठी कर." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. त्या क्षणी मला तिच्याशी भांडणं सगळ्यात अवघड गेलं. मी म्हटलं, आत्या, ज्याची भीती वाटते त्याला एकदा बघून तरी घ्या, वर चला.

आम्ही सगळे गच्चीवर गेलो. मंगळ चांगला वर आला होता. आत्या पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली, पूर्वेकडे पाठ करून, डोक्यावरून पदर घेऊन. मामा उभा राहिला तोही रस्त्याकडे तोंड करून. मयूर वाकला. बराच वेळ बघत राहिला. छान दिसतोय, असं हळूच म्हणाला. मग तो सरळ झाला आणि आत्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मी त्याला म्हटलं, आता तू सांग. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आत्याच्या समाधानासाठी एकदा करून टाकू ना. आपलं काय बिघडतंय?"

आपलं. मडक्यासमोर बाशिंग बांधून एकटी मी बसणार होते. मला फार वाईट वाटलं. गुरूचे चंद्र बघून हरखलेला मुलगा आणि हा, दोघे एकच होते, आणि दोघे खरेच होते.

तेवढ्यात आई पुढे आली. दुर्बीण घरात आल्यापासून तिने एकदाही तिला डोळा लावला नव्हता. नजरेला नजर कशाला द्या, असं म्हणायची. तिने पदर खोचला, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि वाकली. ग्रह सरकून गेला होता, मी पुन्हा आणून दिला. ती बघत राहिली. खालून एक ट्रॅक्टर गेला, गच्ची थरथरली, तरी ती हलली नाही.

"ह्योच व्हय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, हाच.

"लई लांब हाय," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "ह्यो तर आपल्याकडं बघतबी न्हाई गं."

मग ती उठली, कंबरेवर हात ठेवून सरळ झाली आणि आत्याकडे वळली. "ताई, तुमचा जीव मला कळतो. पन माझं मानूस तेहेतीस गुण जुळून गेलं. तवा काय आडवं आलं? माझी लेक मडक्यासंगं लगीन लावायची न्हाई. तुमची तयारी असंल तर तारीख काढा. नसंल तर राग न्हाई, जेवून जावा."

ते जेवले नाहीत. मामा तर चप्पल घालतानाच बोलायचं थांबला तो वर्षभर थांबला. फटफटीचा आवाज दौंड रस्त्याच्या वळणावर जाईपर्यंत आम्ही दोघी गच्चीवर उभ्या होतो. मला रडू येत होतं आणि आत कुठेतरी अंग हलकं झालं होतं. दोन्ही एकदम होत होतं, आणि मी दोन्ही होऊ दिलं. काही आठवड्यांनी मयूरचा मेसेज आला, आज ढग आहेत का? मी लिहिलं, केडगावलाही तेच आकाश आहे, मान वर करून बघ. त्यानंतर आला नाही.

पुढे काय झालं? काही झालं नाही. उसाचा हंगाम संपला, कांदे निघाले, लग्नसराई आली आणि मी दुसऱ्यांच्या लग्नांत फोटो काढत फिरले. मांडवात बायका एकमेकींना कोपराने ढोसून मला दाखवायच्या, मंगळाची फोटोवाली ती हीच. मी त्यांचाही फोटो काढायचे, चांगला. दुकानाच्या काचेत नवरा-नवरीच्या मोठ्या फोटोंमध्ये मी मंगळाची प्रत लावली, तांबडी, डागासकट. मामीने निरोप धाडला की दुकानाला अवकळा येईल. अवकळा आली नाही. फक्त आता मी कुणाच्या आईच्या सांगण्यावरून मुलीचा चेहरा उजळ करत नाही, मुलीलाच विचारते. त्यामुळे काही गिऱ्हाइकं बाजारपेठेतल्या दुसऱ्या स्टुडिओत गेली. जाऊ देत, तिथेही चांगले फोटो निघतात.

आणि काही नवीन आली. एखादी मुलगी फोटो काढून झाल्यावरही रेंगाळते. आई बाहेर रिक्षा बघायला गेली की पुटपुटते, ताई, तो काचेतला मंगळ तुमीच काढलाय म्हनं, खरा हाय का? मी तिला कॉम्प्युटरवर मोठा करून दाखवते. बर्फ दाखवते, डाग दाखवते. तिला मंगळ आहे का हे मी विचारत नाही. ती सांगत नाही. पण एवढुसाच, असं म्हणून ती जे हसते, त्याचा फोटो मला अजून काढता आलेला नाही, कारण तेव्हा कॅमेरा उचलणं बरं दिसत नाही.

माझं लग्न व्हायचं असेल तर होईल. मला नको आहे असं नाही; एकटीने दुर्बीण गच्चीवर चढवताना रोज वाटतं, कुणीतरी दुसरं टोक धरायला असतं तर बरं झालं असतं. पण ज्याला टोक धरायचंय त्याने मंगळासकट जिना चढायचा. कुणाला हा उद्धटपणा वाटतो. वाटू दे.

आता मामा पुन्हा बोलायला लागलाय. काल संध्याकाळी त्याने कोल्हारच्या एका स्थळाचा नंबर धाडला, आणि लगोलग मुलाच्या आईचाच फोन आला. आई चुलीपुढे होती, हात पिठात. तिने मला फोन स्पीकरवर टाकून जवळ धरायला सांगितलं. पलीकडच्या बाई गोड बोलत होत्या. शेती किती, मुलगा काय करतो, नदीकाठचं गाव, पाण्याला तोटा नाही, तुमच्या मुलीचा फोटो पाहिला, आवडला. आईने सगळं ऐकून घेतलं. ज्या गोष्टीसाठी ती इतकी वर्षं दार लोटून, आवाज बारीक करून बोलायची, ती तिने भाकरी थापता थापता सांगितली.

"बाई, आदी एक आयका, मग पुढचं बोला. पोरीला मंगळ हाय. कडक हाय. आनि मडकं-बिडकं आमी करनार न्हाई."

फोन कट झालाय का ते मी बघितलं. झालेला नव्हता. मी आईकडे पाहिलं. तिने भाकरी तव्यावर टाकली, फोनकडे वाकली आणि शेजारच्या दोन घरांनाही जाईल इतक्या आवाजात विचारलं, "आयकू आलं का? मंगळ हाय म्हनलं."